मदत हवी आहे: १९८२ सालची मटक्याची चिठ्ठी कशी असायची?

एकांकिका लिहितेय. भांडुपची चाळ, १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप, वडील घरी बसलेले आणि आई शेजारणींकडून मटक्याचे (आकड्यांवर पैसे लावायच्या जुगाराचे) आकडे घ्यायला लागलेली. मुलांना वाटतं, भिशी चाललीये. प्रसंग हसवणारे आहेत, पण आईचं हसं होता कामा नये, ही काळजी फार आहे.

तीन पत्त्यांची बेरीज, तिचा शेवटचा अंक (३, ६, ७ म्हणजे १६, म्हणून ६), ओपन (पहिला आकडा), क्लोज (दुसरा), जोडी (दोन्ही मिळून) हे ठाऊक आहे. १८८७ चा जुगारबंदी कायदा वाचलाय. मामांना विचारलं, तर ते विषयच बदलतात. सिनेमातलं सांगू नका, तिथे सगळे गुंडच असतात.

अडलंय एका जागी. आई पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं चिठ्ठी लिहिते आणि डब्यातल्या कागदाखाली सरकवते. सोमवारी तालीम आहे. ज्यांनी घरात किंवा चाळीत हे स्वतः पाहिलंय त्यांनीच सांगा, नावं-गावं नकोत: चिठ्ठीवर खेळणाऱ्याचं नाव असायचं की नुसता आकडा आणि पैसे? कार्बन लावून दुसरी प्रत ठेवायचे का? आणि घरात फोन नसताना ओपनचा आकडा चाळीपर्यंत पोचायचा कसा?