जेवण सभागृहातच उरकण्याबद्दल

परगावी अधिवेशनाला गेल्यावर जेवण आणि भटकंती कशी जमवावी, या चर्चेत 'बाहेर जाण्यात वेळ मोडतो, जेवण सभागृहातच उरकावं' असं एक मत आलं आहे. ते पहिल्या दिवसापुरतं ठीक आहे. नंतर कंटाळा येतो. दुपारचं सत्र संपलं की सगळी माणसं एकदम सुटतात आणि समोरच्याच दोन-चार ठिकाणी घुसतात, खरा वेळ त्या रांगेत जातो. मी वीस मिनिटं आधी मागच्या दाराने सटकतो (म्हणून बसतोही कडेच्या खुर्चीवर). कुठे खायचं हे आयोजकांपेक्षा स्टॉल उभारणाऱ्या कामगारांना किंवा दारावरच्या सुरक्षारक्षकाला विचारावं. त्यांना तिथे रोज स्वतःच्या पैशाने जेवायचं असतं.

भटकंतीबद्दल एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती म्हणजे सोमवार. बऱ्याच शहरांत संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि अधिवेशन रविवारी संपलं की लोक नेमका तोच दिवस फिरायला राखून ठेवतात. मीही एकदा चाकाची बॅग खडखडवत दारापर्यंत गेलो आणि कुलूप बघून परतलो. इतर दिवशीही शेवटचा प्रवेश बहुतेकदा बंद व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधीच थांबतो. आणि हो, बाहेर पडताना गळ्यातलं ओळखपत्र खिशात टाका.