मदत हवी आहे: 1994 च्या पद्मिनीसाठी इंजिन (मुंबई)

परळकर:

मंडळी, घरात वडिलांची 1994 ची पेट्रोल पद्मिनी (जुन्या टॅक्सीवाली फियाट) आहे, हँडगिअरवाली, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. 2024 ला पासिंग करून घेतलं, म्हणजे 2029 पर्यंत कागद शाबूत. इंजिन मात्र गेलं.

मे महिन्यात सायनच्या पुलावर गाडी तापली. काटा वर चढताना दिसत होता, पण मागे बेस्टची बस हॉर्नवर हात ठेवून उभी. पूल उतरू मग बघू म्हटलं, आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक काढली तर ऑइल टपरीवरच्या चहाच्या रंगाचं.

हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं हेड आणि खालचा मुख्य ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं असेल म्हणून हेड उतरवलं. हेड ठीक निघालं, किंचित फेसिंग (तळ घासून सपाट करणं) लागलं. पण ब्लॉकची प्रेशर टेस्ट केली तर पाण्याच्या जॅकेटपासून पुशरॉडच्या बाजूला क्रॅक. शिवाय बोअर आधीच 60 वर, म्हणजे सिलिंडर आधीच बरेच घासून मोठे केलेले. लेथवाल्याने हात जोडले.

आता तीन पर्याय समोर आहेत.

एक, भंगारात गेलेल्या टॅक्सीचं 1089 सीसी इंजिन. शेवटची फियाट टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, त्यामुळे कुर्ल्याला सीएसटी रोडवर अजून इंजिनं दिसतात. (गाडी जन्मली कुर्ल्याच्याच कारखान्यात, आणि तिचं काळीजही आता तिथेच शोधायचं!) एकाने 18 हजार सांगितले. इंजिन टायरवर ठेवलेलं, चालू करून दाखवायला तयार नाही.

दोन, प्रीमियरच्याच 118 एनई गाडीचं निस्सान ए12 इंजिन, 1171 सीसी. आमचे मिस्त्री म्हणतात, "साहेब, टाकून द्या, गाडी उडेल."

तीन, डिझेल. हे मीच खोडलं.

टॅक्सीचं इंजिन घेताना काय तपासावं? निस्सान खरंच बसतं का? आणि आरटीओत काय होतं?

*

लेथवरचा:

निस्सानच्या नादी लागू नका. इंजिन बसतं, पण एकटं येत नाही. त्याचा गिअरबॉक्स येतो, तो फ्लोअरशिफ्ट. म्हणजे तुमचा हँडगिअर गेला, खालचा पत्रा कापणं आलं, माउंटिंग नव्याने वेल्ड करणं आलं, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवणं आलं. गाडी उडेल हे खरं, पण ब्रेक जुनेच राहणार.

टॅक्सीचं घ्या, पण अख्खं इंजिन घेऊ नका. शेवटच्या बऱ्याच टॅक्स्या सीएनजीवर होत्या. गॅस कोरडा, त्यामुळे हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट खाल्लेल्या असतात. तुमचं हेड चांगलं आहे ना? मग त्यांचं हेड त्यांनाच ठेवू द्या, फक्त ब्लॉक आणि क्रँकचा (आतल्या फिरत्या शाफ्टचा) भाव करा. सम्प (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) उघडायला लावा. बोअर कितीवर आहे आणि क्रँक किती वेळा ग्राइंड झालाय हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. टॅक्सीवाल्याने 60 गाठलेला असायची शक्यता भरपूर. तसं असेल तर स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची नवी नळी) टाकायचा खर्च भावातून कापा. आणि ब्लॉक धुऊन प्रेशर टेस्ट आधी. नाहीतर एक फुटका देऊन दुसरा फुटका आणाल.

*

जुना कागद:

नुसत्या चिठ्ठीवर इंजिन उचलू नका. ब्लॉकवरचा नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची किंवा स्क्रॅपच्या कागदांची प्रत, दोन्ही हवं. नंबर घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' सेवेत चोरीची नोंद आहे का तेही पाहता येतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 इंजिन बदलालाही लागू आहे. आधी आरटीओची परवानगी घ्या, बसवल्यावर 14 दिवसांत कळवा आणि आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. त्याच बनावटीचं इंजिन असलं तर प्रश्न कमी, निस्सानला जास्त. विमा कंपनीलाही नंबर कळवा. अपघात झाल्यावर आरसी आणि ब्लॉक जुळले नाहीत की क्लेम अडकतो, हे डोळ्यांनी पाहिलंय.

*

परळकर:

दोघांचेही आभार. निस्सान बाद. मिस्त्रींना सांगितलं तर दोन दिवस रुसले.

काल कुर्ल्याला जाऊन आलो. 18 हजारवाल्याकडे कागद नाहीतच, "साब, इसका कागज कौन रखता है" म्हणाला. दोन गाळे सोडून दुसऱ्याकडे तीन ब्लॉक आहेत, त्यातल्या एकाची स्क्रॅपची पावती त्याने दाखवली. नंबर स्पष्ट आहे. नुसत्या ब्लॉक-क्रँकचे 11 हजार म्हणतोय, सम्प माझ्यासमोर उघडायला तयार आहे. गुरुवारी सकाळी परत जातोय. कुणाकडे बोअर गेज आहे का, किंवा त्या भागात येऊन मोजून देईल असा कुणी माहीत आहे का? आमच्या लेथवाल्याला गुरुवारी सुट्टी असते.