जावेच्या रिपोर्टात 'एमटीएचएफआर' आलंय, फॉलिक अॅसिडची गोळी बंद करायची का?

उदगीरची जाऊबाई
नमस्कार. माझ्या धाकट्या जावेचं दुसऱ्यांदा पोट पडलं. एका लॅबनं महागाचं पॅकेज करायला लावलं. रिपोर्टात आलंय 'एमटीएचएफआर सी६७७टी, हेटेरोझायगस'. खाली छापलंय की साधं फॉलिक अॅसिड अंगी लागणार नाही, मिथाइलफोलेटच घ्या, आणि ते तिथंच विकायला ठेवलेलं! तेव्हापासून तिनं दवाखान्यातली गोळी सोडून दिली. आपल्याच रक्तात खोट आहे म्हणून रडत बसते. आमचं माळकरी घर, अंडं-मटण नाही. जवारीची भाकर, तुरीचं वरण, मिळेल ती पालेभाजी. हा दोष आपल्याकडंच जास्त असतो का? गोळीचं काय करावं?

नांदेडची मॅडम
ताई, मी बायोकेमिस्ट्री शिकवते. आधी जावेला सांगा, गोळी आजच सुरू कर.

फोलेट हे एक जीवनसत्त्व, फॉलिक अॅसिड हे त्याचं गोळीतलं रूप. ते शरीराला वापरता येईल अशा रूपात, म्हणजे मिथाइलफोलेटमध्ये, आणणारं एक एन्झाइम असतं, त्याचं हे एमटीएचएफआर जनुक. त्यातला सी६७७टी फरक १९९५ मध्ये उजेडात आला. 'टी' म्हणजे जनुकाचं बदललेलं रूप. आई आणि वडील दोघांकडूनही 'टी' आला तर एन्झाइमचं काम ३० टक्क्यांच्या आसपास उरतं. तुमच्या जावेला तो एकाकडूनच आलाय, म्हणजे ६५ टक्क्यांच्या आसपास. काम मंदावतं, बंद पडत नाही. दोन्ही 'टी' असलेल्यांनी इतरांइतकंच फॉलिक अॅसिड घेतलं तरी त्यांच्या रक्तातलं फोलेट सुमारे १६ टक्क्यांनीच कमी भरतं. जावेचं तर एवढंही नाही. शिवाय पोट का पडलं हे शोधायला ही तपासणी करू नये, असं अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थेनं २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. त्या पोरीला कुणी खोट म्हणत असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

बाळाच्या मेंदू-मणक्यातलं व्यंग टळतं हे सिद्ध झालंय ते साध्या फॉलिक अॅसिडनंच. ब्रिटनमधल्या संस्थेनं १९९१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या बायांमध्ये धोका ७२ टक्क्यांनी घटला. मिथाइलफोलेटचा असा पुरावा नाही.

आपल्याकडं जास्त का? उलट. दोन्ही 'टी' असलेले लोक मेक्सिकोत, दक्षिण इटलीत, उत्तर चीनमध्ये पुष्कळ, आफ्रिकेत अगदी थोडे, भारतातही कमीच. आपल्यात ए१२९८सी हा दुसरा, सौम्य फरक जास्त दिसतो. ज्या मुलखात पाला आणि कडधान्य पिढ्यान्‌पिढ्या ताटात होतं तिथं 'टी' निभावून गेला असावा, असा एक अंदाज मांडला जातो. एवढं मात्र पक्कं की पोटात फोलेट भरपूर असलं की हे एन्झाइम टिकून राहतं, आणि कमी पडलं की दोन्ही 'टी'वाल्यांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल चढतं. एकच जनुक, पण ताट बदललं की परिणाम बदलतो.

तुमचं ताट वाईट नाही. शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात फोलेट दोनशे मायक्रोग्रॅमच्या वर, जवारीत चाळीसच्या आसपास, तांदळात जेमतेम दहा. येळवसच्या (वेळा अमावास्येच्या) भज्जीत हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या सगळं एकत्र पडतं, तसं वर्षभर थोडंथोडं पडू द्या. पालेभाजी उकळून पाणी फेकू नका, फोलेट पाण्यात उतरतं. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा कांदा घालून केलेला कच्चा घोळाणा, हा तर मला फार मोलाचा वाटतो. नीट धुऊन घ्या मात्र, फवारणी असते. ताकही ठेवा, त्यातलं बी२ ह्याच एन्झाइमला लागतं.

मला काळजी वेगळीच आहे. बी१२ तपासलं का? ते नसेल तर फोलेट शरीरात अडकून पडतं. माळकरी घरात हीच कमतरता आधी बघावी. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिक यांच्या गटाला दिसलं होतं की गरोदरपणी फोलेट जास्त पण बी१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त.

औशाची आशाताई
मॅडमचं खरंय. आमच्याकडं बाया येतात तेव्हा दोन-तीन महिने झालेले असतात. बाळाचा मणका तर गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांतच मिटतो, तोवर पाळी चुकलेली पण नीट कळत नाही. म्हणून लेकरू हवं असं ठरवलं की त्याच महिन्यापासून गोळी चालू करा म्हणते मी.

उदगीरची जाऊबाई
मॅडम, बी१२ आज करून घेतलं. १४० आलंय, लॅबच्या कागदावर 'कमी' लिहिलंय. आता फॉलिक थांबवून आधी बी१२ भरून काढू का?

नांदेडची मॅडम
थांबवू नका, दोन्ही बरोबर. रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा, इंजेक्शन की गोळी ते ठरवतील. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही करा. दोनदा पोट पडलंय, त्याचं कारण शोधायला वेगळ्या तपासण्या असतात, त्या मागा. घरात कुणाचं बाळ मणक्याच्या व्यंगाचं झालेलं असेल तर तेही सांगा, मग फॉलिकचा डोस वाढवतात. मिथाइलफोलेटचे पैसे वाचवा, त्यात तिच्यासाठी दूध-दही येईल.