मदत हवी आहे: कोलायटिसमध्ये सीएमव्ही व्हायरस निघालाय, कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, आम्ही कोपरखैरण्याचे. धाकट्या भावाला ४ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे, मेसालामाइनच्या औषधावर बरं चाललं होतं. गणपतीनंतर एकदम वाढलं, दिवसाला १०-१२ वेळा जुलाब, रक्त, ताप, मग अ‍ॅडमिट करून शिरेतून स्टेरॉइड दिलं पण ५ दिवस झाले तरी फरकच नाही. सगळे म्हणत होते पोटाचा साधा व्हायरल असेल, बाहेरचं खाल्लं असेल. तसं नव्हतं. सिग्मॉइडोस्कोपीत (आतड्याची दुर्बिणीने तपासणी) बायोप्सी म्हणजे आतला छोटा तुकडा तपासायला घेतला, त्यात सीएमव्ही निघाला, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. डॉक्टर म्हणाले हा बऱ्याच जणांच्या अंगात आधीपासून झोपलेला असतो, स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असली की जागा होऊ शकतो, म्हणून स्टेरॉइड लागू पडत नसलं की हे तपासायचंच. आता गॅन्सिक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध सलाइनमधून दिवसातून २ वेळा चालू आहे, नंतर गोळ्या, एकूण २-३ आठवडे. त्याने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) सारखं करतायत.

ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कोणाला हे झालंय त्यांनी प्लीज सांगा, रक्त किती दिवसांत थांबलं? स्टेरॉइड कमी करताना परत भडकलं का? इन्फ्लिक्सिमॅब (कोलायटिसवरचं इंजेक्शन) नंतर चालू केलं का? ऑपरेशनचा विषय निघाला की आई रडायलाच लागते हो. वाशी ते ठाणे पट्ट्यात आयबीडी (कोलायटिससारखे आतड्याच्या सुजेचे आजार) नीट बघणारे गॅस्ट्रो म्हणजे पोटाचे डॉक्टर माहीत असतील तर सेकंड ओपिनियनसाठी मेसेज करा. काढे, चूर्णं कृपया सुचवू नका, सध्या त्याला मऊ भातसुद्धा जड जातोय.