फोर व्हील लागत नाही, दिवा नुसता लुकलुकतो

प्रश्न: नॉब 'फोर हाय'वर (चारही चाकांना जोर) फिरवला की खालून 'टक्' आवाज येतो, पण डॅशवरचा दिवा लुकलुकतच राहतो. काल चिखलात मागची चाकं जागीच फिरत होती, पुढची ढिम्म. फ्यूज ठीक आहेत. मेकॅनिक थेट ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी गिअरची पेटी) उघडू म्हणतोय. उघडू द्यावी का?

उत्तर १: अजिबात नको! आधी सपाट जागी हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद करा. 'टू हाय'मध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा, हाताने फिरतो आणि 'फोर हाय'मध्ये अडतो, तर ट्रान्सफर केस आपलं काम करतेय. मग दोष पुढच्या अ‍ॅक्सलच्या अ‍ॅक्च्युएटरकडे, म्हणजे पुढची चाकं जोडणाऱ्या भागाकडे. तो व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारा असेल तर इंजिन चालू करून, 'फोर हाय' लावून, त्याच्या नळ्या एकेक काढा आणि टोकाला बोट लावा. एकीलाही ओढ जाणवली नाही तर नळी किंवा सोलेनॉइड (ती ओढ चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बिघडलाय. माझी नळी इंजिनाच्या उष्णतेने तडकली होती, आणि मी मात्र आठवडाभर वायरिंग उसवत बसलो होतो.

उत्तर २: कधीकधी नुसते गिअरचे दातेच जुळत नाहीत. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी हळूहळू पुढे-मागे करा. कोरड्या डांबरावर मात्र फोर व्हीलमध्ये वळवू नका, सगळा ताण गिअरवर येतो.

प्रश्नकर्ता: नळीच निघाली! बॅटरीच्या ट्रेखाली चिरलेली. तेवढा तुकडा कापून पुन्हा खोचली, दिवा स्थिर. मेकॅनिकला अजून सांगितलं नाही.