पेरी मेसनमधला रस संपत चालला आहे, काय वाचावे?

धंतोलीची वाचक:
महाविद्यालयात असल्यापासून मी पेरी मेसन या काल्पनिक अमेरिकी वकिलावरच्या कादंबऱ्या वाचत आले असून सीताबर्डीच्या पदपथावरून जमवलेल्या प्रतींनी कपाटाचा एक खण भरला आहे. अलीकडे मात्र पुस्तक अर्ध्यावरच खाली ठेवले जाते, कारण अशील निर्दोष निघणार, सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर तोंडघशी पडणार आणि उलटतपासणीत कुणीतरी कोलमडणार, हे आधीच ठाऊक असते. मालिका सोडावी, की तिच्यातच काही वेगळे सापडेल?

सिव्हिल लाइन्सचे एक वकील:
ताई, आपण कोणत्या काळातली पुस्तके वाचत आहात, ते आधी पाहावे. पहिली कादंबरी १९३३ची. पुढे मेसनचे लेखक अर्ल स्टॅनली गार्डनर यांनी ऐंशीहून अधिक लिहिल्या, त्यांतल्या बऱ्याचशा सचिवांना तोंडी सांगून, त्यामुळे साचा घट्ट होत जाणे ओघानेच आले. शिवाय १९५७ साली दूरचित्रवाणी मालिका सुरू झाल्यावर कादंबऱ्यांतला मेसनही बराच सोज्वळ झाला. तीसच्या दशकातला मेसन तसा नव्हता. सनद जाईल की काय, असे वाटण्याइतकी जोखीम तो घेई. १९३५ची ‘द केस ऑफ द काउंटरफीट आय’ अवश्य वाचा. तिच्यातल्या अशिलाकडे काचेचे अनेक डोळे असतात, त्यांतला एक तर रात्री मद्यपान झाल्यावर दुसऱ्या डोळ्याशी जुळावा म्हणून मुद्दाम लालसर केलेला, आणि नेमका तोच चोरीला जातो. (आमच्या जिल्हा न्यायालयात उलटतपासणीत कुणी खुनाची कबुली दिल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही, ‘आता आठवत नाही’ हे उत्तर मात्र रोज ऐकतो.)

प्रतापनगरचा वाचक:
वकीलसाहेबांचा मान राखूनही असे वाटते की, जुनी पुस्तके घेतली तरी मेसन जिंकणार हे ठरलेलेच राहते, आणि ताईंची तक्रार नेमकी तीच आहे. म्हणून स्कॉट टुरो यांची १९८७ची ‘प्रिझ्यूम्ड इनोसंट’ सुचवतो. येथे सरकारी वकीलच खुनाचा आरोपी आहे आणि कथाही तोच सांगतो, त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न अखेरपर्यंत सुटत नाही. तिचा पुढचा भाग थेट २०१० साली आला. तोवर नायक न्यायाधीश झालेला आहे.

धंतोलीची वाचक:
दोघांचेही आभार. काचेच्या डोळ्याची कादंबरी माझ्या खणात असूनही न वाचलेली निघाली, तेव्हा सुरुवात तिनेच करते. टुरो यांच्या पुस्तकाची जुनी प्रत कुणाला द्यायची असल्यास कृपया येथेच कळवावे.