मदत हवी आहे: वर्डप्रेसमधले दुबार टॅग एकत्र कसे करावेत?

वर्डप्रेसवर (साईट चालवायचं सॉफ्टवेअर) असलेल्या पाककृतींच्या साईटवर ‘उपवास’, ‘उपास’ आणि ‘उपवासाचे पदार्थ’ असे तीन टॅग (पोस्टना लावायची विषयाची लेबलं) झालेत. साबुदाणा वडा एकात, वरीचे तांदूळ दुसऱ्यात. संकष्टीला शोधणाऱ्याला निम्मेच पदार्थ सापडतात, हे फार वाईट. फक्त ‘उपवास’ ठेवायचाय. बल्क एडिटने (अनेक पोस्ट एकदम बदलायची सोय) तो सगळ्या पोस्टना जोडता येतो, पण जुने टॅग पुसले की त्यांच्या लिंकवर 404 (‘पान सापडलं नाही’) येतो. म्हणून 301 रिडायरेक्ट (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवणं) लावायचंय.

अडचण देवनागरी स्लगची, म्हणजे लिंकमध्ये येणाऱ्या टॅगच्या नावाची. एन्कोड झाल्यावर (लिंकसाठी % चिन्ह, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत बदलल्यावर) काना, मात्रा, हलन्त धरून प्रत्येक चिन्हाला 9 जागा लागतात आणि मर्यादा 200 ची, त्यामुळे साधारण 22 चिन्हांनंतर स्लग कापला जातो. रिडायरेक्टमध्ये जुना पत्ता देवनागरीत द्यायचा की एन्कोड केलेला? आणि उरलेल्या टॅगचा स्लग आताच रोमन करावा का?